सामावणे : अमळनेरच्या शब्द-प्रकल्पाच्या नोंदी

३ जानेवारी २०२५

विषय ठरला. यंदा एकच क्रियापद: ‘सामावणे’. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, ग्रंथालयाबाहेरच्या भिंतीवर भित्तिपत्रकं लावायची आहेत. दरवर्षी आम्ही पुष्कळ शब्द घेतो, प्रत्येकाला एक ओळ देतो आणि लोक चहाचा कप हातात धरून ती भिंत ओलांडून जातात. या वेळी सगळी भिंत एका शब्दाला.

हाच शब्द का, ते आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे फाटे फुटले तर परत येता येईल. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या उपोषणाच्या मंडपावर फलक असतो, ‘सेवेत सामावून घ्या’. लग्नानंतर सहा महिन्यांनी माहेरचे विचारतात, ‘पोरगी सामावली ना घरात?’ शाळेत बदलून आलेल्या मुलाबद्दल बाई म्हणतात, ‘अजून सामावला नाही.’ नोकरी, सासर, शाळा, तिन्ही ठिकाणी शब्द तोच. आणि तिन्ही ठिकाणी खरा प्रश्न एकच: बदलायचं कोणी? येणाऱ्यानं की घेणाऱ्यानं? शब्दाच्या मुळात याचं काही उत्तर दडलंय का, ते बघायचं आहे.

हाताशी असलेली साधनं: मोल्सवर्थचा कोश (१८५७ची आवृत्ती), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्ति कोश (१९४६), टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९). आणि मी ज्यांना मराठी शिकवतो ती तिसऱ्या वर्षाची मुलं. बहुतेकांच्या घरी अहिराणी, यावल-रावेरकडच्यांच्या घरी लेवा गणबोली, शिरपूरच्या वर सातपुड्यातून येणाऱ्या एकाच्या घरी पावरी. हे शेवटचं साधन कोशांपेक्षा कमी मोलाचं नाही.

८ जानेवारी

आज मुळाशी बसलो.

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘मा माने’ एवढंच आहे. मा हा धातू मोजण्याच्या अर्थी. पण संस्कृतात तो मोजण्यापाशी थांबत नाही. ‘माति’ म्हणजे मोजतो, आणि ‘माति’ म्हणजे मावतो असंही. आधी मुलांना हे दोन अर्थ लांबचे वाटले. मग एकीनं स्वतःच सोडवलं: शेरात ज्वारी ओतली की ती मोजली जाते आणि मावतेही, काम एकच, फक्त बघणारा कुठून बघतो त्यावर नाव ठरतं. मोजणारा म्हणतो मोजलं, भांडं म्हणेल मावलं. याहून चांगलं स्पष्टीकरण मला सुचलं नसतं. तिच्या शब्दांतच फलकावर जाईल.

पुढचा प्रवास सरळ आहे. माति, प्राकृतात माइ, जुन्या मराठीत ‘माये’, ‘न माये’, आणि आजचं मावणे. धातूच्या आधी सम् लावला की संमाति. त्यातून हिंदीत समाना, गुजरातीत समावुं, आपल्याकडे सामावणे. सम् म्हणजे एकत्र, पुरतं, सगळं. तेव्हा मावणे म्हणजे आत बसणे, आणि सामावणे म्हणजे पुरतं आत बसणे, काही बाहेर न राहता.

संस्कृतातला ‘मावणे’ हा अर्थ किती जुना, याचा पुरावा मुलांना हवा होता. माघाच्या ‘शिशुपालवधा’चा पहिला सर्ग काढला. नारद द्वारकेला कृष्णाच्या भेटीस येतो. कवी म्हणतो, युगान्ताला सारी जगं ज्याच्या देहात ऐसपैस राहिली, त्याच देहात नारदाच्या येण्याचा आनंद काही मावला नाही. क्रियापद आहे ‘ममुः’, आपल्याच मा धातूचं. माघ साधारण सातव्या शतकातला. आणि दहावीचा निकाल लागला की आपण काय लिहितो? आनंद गगनात मावेना. तेच क्रियापद, तोच अलंकार, तेराशे वर्षं. हा श्लोक वाचून झाल्यावर वर्गात जो गलका झाला तो मला फार आवडला.

नोंद घेण्यासारखं आणखी एक. ‘मावणे’ आपण बहुतेक नकारातच वापरतो: मावत नाही, मावेना, मावलं नाही. जागा संपली की हा शब्द आठवतो. ‘सामावणे’ उलट होकारात जास्त चालतो: सामावलं, सामावून गेलं, सामावून घेतलं. एक शब्द भांडं भरल्यावरचा, दुसरा भांडं पुरल्यावरचा.

११ जानेवारी

कुळातले कोण आणि नुसते दिसायला सारखे कोण, याची छाननी. यात वेळ गेला, पण गेला तो चांगला.

माप, मापटं, अमाप, मात्रा, परिमाण, अनुमान, उपमा: हे सगळे मा धातूचे. मास म्हणजे महिना हाही याच घरचा, कारण चंद्र हा काळ मोजायचा. पण सोनाराचा मासा या घरचा नाही. तो माष म्हणजे उडीद, त्याच्या दाण्यावरून आलेलं वजन. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या मुलाला हे ऐकून नवल वाटलं.

‘मान’ हा शब्द तर तीन वेगवेगळ्या घरांतून एकाच दारात येऊन उभा राहिला आहे. गळ्याच्या मागची मान ही संस्कृत मन्या. मान-सन्मानातला मान मन् या धातूकडचा. आणि तापमान, पाऊसमान यांतला मान मात्र आपला, मा धातूचा. म्हणून ‘हवा मानवली’ हा प्रयोग अर्थानं इतका जवळचा असूनही मूळ वेगळं: तो मानण्याकडचा, मापण्याकडचा नाही. शरीरानं त्या हवेला मान्यता दिली, असा त्याचा भाव.

अहिराणीत ‘घरमा’, ‘वावरमा’, ‘पोतामा’ असा जो ‘-मा’ लागतो, तो मा धातूचा नाही. तो मध्य या शब्दाचा झिजलेला तुकडा, गुजरातीतल्या ‘-मां’चा सख्खा भाऊ. हे फलकावर ठळक लिहायला हवं, कारण ‘घरमा मावस’ (घरात मावतं) असं वाक्य दिसलं की कोणालाही दोन्ही मा एकच वाटतील.

सगळ्यात महत्त्वाचा सारखा दिसणारा शब्द म्हणजे ‘समावेश’. सामावणे आणि समावेश शेजारी ठेवले तर बहिणी वाटतात. पण समावेश फुटतो सम् + आ + विश् असा. विश् म्हणजे आत शिरणे, प्रवेश त्यातलाच. समावेशात दार आहे, सामावण्यात भांडं आहे. दारातून आत येणं आणि आत आल्यावर जागा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगवेगळे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत.

१६ जानेवारी

बाजार समितीत. एक जुने मापाडी, सगळे त्यांना नाना म्हणतात, त्यांनी घरून लोखंडी शेर आणि मापटं आणून ठेवलं होतं. आता तिथे इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. मेट्रिक वजनं १९५८पासून येऊ लागली आणि १९६२पर्यंत सक्तीची झाली, पण खेड्यातल्या घरांत शेर-पायली त्यानंतरही पुष्कळ वर्षं चालली. हमाल-मापाडी हा शब्द मात्र कागदोपत्री अजून आहे. मापाडी, म्हणजे माप करणारा. आमच्याच धातूचा माणूस.

कोष्टक त्यांना तोंडपाठ: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. धान्याचा शेर हा आकारमानाचा, तोलायचा शेर वेगळा, हे त्यांनी मुलांना दोनदा सांगितलं. मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नसे. ‘लाभ’ म्हणून सुरुवात, मग दोन, तीन.

मग त्यांनी दादरनं शेर भरला. (दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, बाहेरच्या वाचकांसाठी.) काठापर्यंत भरल्यावर हात थांबला नाही. वर ओततच राहिले आणि काठाच्या वर दाण्यांचं टोक उभं राहिलं. दाणा ओघळायला लागला तेव्हा थांबले. ‘ही शीग.’ शिगेला पोहोचणे हा वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या मुलांनी शीग पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. देणारा मनाचा मोठा असला की शिगेनं द्यायचा, हिशेबी असला की काठावरून हात फिरवून सपाट करून द्यायचा. भांडं एकच, माप दोन. व्यवहारात आधीच ठरवून घ्यावं लागे की शिगेचं की सपाट.

त्यांनी आणखी एक गोष्ट करून दाखवली. सपाट भरलेला शेर जमिनीवर हलकेच दोन-तीनदा आपटला. दाणे खाली बसले, काठाशी बोटभर जागा झाली, आणि त्यात आणखी मूठभर दादर गेली. नाना म्हणाले, ‘भांडं तेच शे. हालाडं का आजून मावस.’ भांडं तेच आहे, हलवलं की अजून मावतं.

मी तिथेच हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. किती मावतं ते फक्त भांड्याच्या आकारावर ठरत नाही, आधी आत असलेले दाणे सरकायला तयार आहेत का यावरही ठरतं. शब्दाच्या मुळाशी जी क्रिया आहे, मोजण्याची, तिच्यातच हे आहे. ओढून-ताणून काढलेला अर्थ नाही.

२२ जानेवारी

माप ओलांडणे.

मुलींनी आपापल्या गल्लीत बायकांशी बोलून आणलेलं साहित्य आज ऐकलं. नवरी सासरच्या उंबऱ्यावर येते, उंबऱ्यावर धान्यानं भरलेलं माप ठेवलेलं असतं, उजव्या पायानं ते आत लवंडून ती घरात पाऊल टाकते. धान्य घरभर पसरतं. कोणी तांदूळ भरतं, कोणी गहू. अर्थ विचारला की सगळ्याजणी एकच सांगतात: लक्ष्मी आली, घरात बरकत येवो.

तो अर्थ खराच. पण या प्रकल्पात असल्यानं मला त्यात दुसरंही काही दिसतं, आणि हे माझं वाचन आहे, कुठल्या पोथीतलं नाही. नवीन माणूस घरात येताना त्या घराचं माप भरलेलं असतं, आणि ते आधी रितं केलं जातं. भरल्या मापात काही मावत नाही. मावणे, सामावणे आणि माप एकाच मुळाचे आहेत, हे ती रीत घालून देणाऱ्यांनी कोश उघडून पाहिलं नव्हतं. तरी रीत आणि शब्द किती नीट एकमेकांजवळ आहेत.

एका घरातलं बोलणं पूर्ण लिहून ठेवतो. सासूबाई म्हणाल्या, ‘आमू तिले सामाई लिधी.’ आम्ही तिला सामावून घेतली. सून आत भाकरी टाकत होती, तिनं तव्यावरून नजर न काढता सांगितलं, ‘रुयनू मी हयूहयू.’ रुळले मी हळूहळू. (अहिराणीत ळ चा य होतो: डोळा तो डोया, काळा तो काया, रुळणं ते रुयनं.) घटना एक, वर्षं तीच, घर तेच. सासूच्या वाक्यात कर्ता सासर आहे. सुनेच्या वाक्यात कर्ता ती स्वतः. दोघीही खरं बोलत होत्या.

सूनबाईंना मुलीनं पुढे विचारलं, रुळायला काय काय करावं लागलं? उत्तर लांब होतं. भाजीत तेल किती, थोरल्या जाऊबाईंना ‘अहो’ की ‘अगं’, सासऱ्यांसमोर खाटेवर बसायचं की नाही, माहेरची बोली बोलली की हसणारे दीर. हे सगळं आम्ही फलकावर घेणार नाही, तिच्या घरचं आहे. पण रुळणे या शब्दाखाली किती काम असतं ते मला आज कळलं असं म्हटलं तर वावगं होणार नाही. केस खांद्यावर रुळतात, शब्द जिभेवर रुळतो, माणूस घरात रुळतो. यात वेळ आणि घर्षण दोन्ही आहेत, आणि ते सोसतो तो रुळणारा.

२८ जानेवारी

शेजारचे शब्द. झटपट.

मिसळणे: मिश्र पासून. मिसळलं की वेगळं काढता येत नाही. सामावलं की काढता येतं, दाणा दाणाच राहतो. हा फरक मला मोठा वाटतो. सामावण्यासाठी आपलेपण विरघळवावं लागत नाही.

खपणे: क्षप् पासून, म्हणजे झिजणे, संपणे. ‘आमच्यात हे खपत नाही.’ ‘खपवून घेतलं.’ खपवून घेण्यात मनातून नकार असतो, फक्त भांडण टाळलेलं असतं. पुष्कळदा आपण एखाद्याला खपवून घेतो आणि सांगताना सामावून घेतलं म्हणतो.

जुळवून घेणे: दोघांचं असायला हवं, पण बोलण्यात एकालाच सांगितलं जातं. ‘तू जरा जुळवून घे’ हे वाक्य घरातल्या बलवान माणसाला उद्देशून मी ऐकलेलं नाही.

ऍडजस्ट करणे: आता हा मराठीच शब्द. एस.टी.त रोज ऐकू येतो. धुळ्याच्या गाडीत दोघांच्या सीटवर दोघं बसलेले असतात, तिसरा उभा राहून म्हणतो, ‘दादा, थोडं ऍडजस्ट करा.’ इथे मात्र बघा, सरकायला बसलेल्यालाच सांगितलं जातं. परवा एका आजीनं तर न विचारताच पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, ‘बठ्ठा मावतीन, सरका.’ सगळे मावतील, सरका. भिंतीचा मथळा मिळाला.

४ फेब्रुवारी

कानबाईचे रोट. हा विषय शिरपूरकडच्या एका मुलानं लावून धरला आणि त्याचं बरोबर होतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. त्यासाठी रोट करतात. रोटांचा गहू घेताना घरातल्या माणसांच्या नावानं मूठ मूठ घेतात, सव्वा मूठ एकेकाच्या नावाची. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. परगावी नोकरीला असलेल्याचीही मूठ पडते. पुण्यात, सुरतेत असला तरी. भाऊबंद वर्षभर एकमेकांशी बोलत नसले तरी रोटाला एकत्र येतात. आणि रोट घरच्यांनीच, भाऊबंदकीतच खायचे.

म्हणजे कुटुंबात कोण कोण आहे, हे दरवर्षी धान्य मापून सांगितलं जातं. आपली मूठ पडली की आपण घरचे. मोजलं जाणं आणि सामावलं जाणं इथे एकच झालं, ८ जानेवारीच्या नोंदीतला धातू चुलीपाशी येऊन बसला. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट हीच.

पण पुढचाही भाग लिहायलाच हवा. काही घरांत फक्त पुरुषांच्या नावाची मूठ घेतात. रोट लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायका, त्यांची नावं त्या धान्यात नाहीत. काही घरांत सगळ्यांची घेतात. एका मुलीनं सांगितलं, तिच्या आजीनं गेल्या काही वर्षांपासून नातींची मूठ टाकायला सुरुवात केली. कोणी हरकत घेतली तर म्हणते, ‘पोरीस्नी काय भूक लागत नही का?’ रीत अशी एका आजीच्या मुठीनं बदलते. हा मजकूर फलकावर जाईल, आजींना विचारून झालं आहे.

१० फेब्रुवारी

आज ‘प्रमाण’ या शब्दावर आलो. यायचंच होतं.

प्र + मा. प्रमाण म्हणजे ज्यानं मापायचं ते. प्रमाण मराठी म्हणजे ज्या मराठीनं बाकीच्या बोली मापायच्या ती मराठी. म्हणजे ‘प्रमाण’ आणि ‘सामावणे’ एकाच धातूची लेकरं, आणि आमच्या वर्गात बसलेली बहुतेक मुलं या दोघांच्या मधे वाढलेली.

एका मुलानं पाचवीतली आठवण सांगितली. ‘सर, मी घर जाय ऱ्हायनू’ (मी घरी जातोय) असं तो म्हणाला. वर्ग हसला, शिक्षकही हसले. त्यानंतर तो वर्षभर वर्गात गरजेपुरतंच बोलला. शाळेचं नाव विचारलं नाही, नको आहे. अशा शाळा एक-दोन नाहीत. त्या मुलाला ‘सामावला नाही’ असा शेरा मिळाला होता. शेरा मुलाला मिळाला. भांड्याला कोणी शेरा दिला नाही.

बाहेरून मापणाऱ्यांनाही आमची ही अहिराणी एका खान्यात बसवताना अडचण पडली आहे. ब्रिटिश काळात ग्रियर्सननं केलेल्या भारताच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड आहे. खानदेशी (अहिराणी त्यातलीच) मात्र त्यात नाही, ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) भिल्ली भाषांच्या सोबत आहे. २०११च्या जनगणनेतही खानदेशी हे मराठीपासून वेगळं शीर्षक आहे, बोलणारे अठरा लाखांहून अधिक. इकडे आपण तिला मराठीची बोली म्हणून शिकवतो. ‘घरमा’ गुजरातीकडे बघतं, ‘देखाडं’ही तिकडचंच वाटतं, ‘घरले’ म्हणताना वऱ्हाड आठवतं, आणि शब्दभांडार उघडलं तर पानोपानी मराठी. तापीच्या या खोऱ्यात जे जे आले, अहीर, गुजर, लेवा, राजपूत, बंजारा, आणि जे आधीपासून सातपुड्यात होते ते भिल्ल, पावरा, त्या सगळ्यांच्या जिभेचा दाणा या बोलीत आहे आणि तो ओळखू येतो. मिसळून पीठ झालेलं नाही.

मुलांना मी प्रमाण मराठी शिकवतो, मन लावून शिकवतो, ती त्यांना लागणार आहे, स्पर्धा परीक्षेला, कोर्टात, पुण्यातल्या मुलाखतीत. त्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण माप हे मोजण्यासाठी असतं आणि भांडं मावून घेण्यासाठी. भाषेचं भांडं मोठं हवं, एवढा माझा आग्रह आहे, आणि तो या भिंतीवर नीट मांडला जायला हवा.

१५ फेब्रुवारी

सरकारी वापर. इथे फार थांबायचं कारण नाही, पण वगळूनही चालणार नाही.

‘समावेशित शिक्षण’: अपंग मुलांना सर्वांबरोबर शिकण्याचा हक्क, २०१६च्या कायद्यानं पक्का केलेला. शब्द विश् धातूचा, दाराचा. दार उघडणं हे कायद्याचं काम आहे आणि ते त्यानं केलं. चाकाच्या खुर्चीला उतार आहे का, ब्रेल पुस्तक वेळेवर येतं का, मधल्या सुट्टीत त्या मुलाशेजारी कोणी डबा उघडतं का, हा भाग सामावण्याचा. ‘समायोजन’: अतिरिक्त शिक्षकांचं होतं ते. युज् धातूचा, जोडण्याचा शब्द. माणूस एका शाळेतून काढून दुसरीला जोडला जातो. तो तिथे मावला का, हे परिपत्रक विचारत नाही. आणि मोर्चातल्या माणसानं स्वतःसाठी निवडलेला शब्द कोणता? ‘समावेश करा’ नाही, ‘समायोजन करा’ नाही. ‘सामावून घ्या.’ त्याला कोणी व्युत्पत्ती शिकवली नव्हती, पण नेमका शब्द त्याच्याकडे होता.

२१ फेब्रुवारी

फलकांचे प्रूफ आले. मांडणी चांगली झाली आहे. शिगेचा फोटो मोठा घेतला, काठावरून ओघळणारा एक दाणा स्पष्ट दिसतो.

डीटीपी करणाऱ्या मुलानं मोठ्या मथळ्यात ‘बठ्ठा मावतीन’चं ‘बट्टा मावतील’ केलं होतं. चांगल्या हेतूनं. ज्या मुलीनं ती एस.टी.तली आजी टिपली होती, ती स्वतः त्याच्याशेजारी जाऊन बसली आणि अक्षर अक्षर परत लावून घेतलं. तोही चोपड्याचा निघाला, घरी अहिराणीच बोलणारा. मग दोघांची बोली सुरू झाली आणि बाकीचे फलक त्यानं अहिराणी वाक्यं मोठ्यानं वाचत तपासले. दोन ठिकाणी त्यानं सुचवलेलं रूप आमच्या रूपापेक्षा चोपडा भागाला जवळचं होतं; तिथे दोन्ही रूपं छापतो आहोत, गावाच्या नावासह.

क्रम असा ठेवला: माप आधी, धातू नंतर. लोकांनी शेर बघावा, शीग बघावी, मग संस्कृत. रोटाचा फलक बरोबर मधे, डोळ्यांच्या उंचीला. ‘प्रमाण’चा फलक शेवटी, दाराशेजारी, जिथून मुलं वर्गात जातात.

२७ फेब्रुवारी

भिंत लागली. नानांचा शेर आणि मापटं टेबलावर, शेजारी पोतंभर दादर. येणाऱ्यानं स्वतः भरून बघायचं. दिवसभर त्या टेबलाभोवती गर्दी होती. प्राथमिक शाळेची मुलं शेर आपटून आपटून अजून किती जाते ते बघत होती, दाणे फरशीवर सांडत होते, आणि नाना खुर्चीवर बसून ‘लाभ’पासून मोजत होते.

एक कोरा कागद लावला होता: तुमच्या घरी ‘सामावणे’ला काय म्हणतात? संध्याकाळपर्यंत भरला. ‘मायी गयं’, ‘सामाई गयं’, ‘रमनी’, ‘घरनी व्हयनी’. हे शेवटचं, ‘घरनी व्हयनी’ म्हणजे घरची झाली, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा आहे. याकडे आमचं लक्षच गेलं नव्हतं. घरची होणे. यात मोजमाप नाही, सहावी विभक्ती आहे. कोणाचं आहे ते सांगून विषय संपवणारी. पुढच्या भागाची सुरुवात इथून करायला हवी.

पावरी बोलणाऱ्या मुलानं आपल्या आजोबांना आणलं होतं. ते कागदावर लिहू शकले नाहीत, त्यांनी सांगितलेलं रेकॉर्ड करून घेतलं आहे. नातू ते उतरवून देणार आहे. त्याच्या भाषेतले उच्चार देवनागरीत कसे लिहायचे यावर त्याच्याबरोबर एकदा बसावं लागेल.

राहिलेली कामं: शेर-मापटं नानांना परत. दादर वसतिगृहाच्या कोठीत. बागलाण-कळवणकडची रूपं परीक्षा आटोपल्यावर. तिकडचे एक जिभाऊ आज आले होते, त्यांनी गावातल्या चार घरी नेण्याचं कबूल केलंय. रोटाचा फलक त्या आजींना हवा आहे, घरी लावायला. तो त्यांना देऊन आमच्यासाठी दुसरा छापून घ्यायचा.